एका बाळाचे चार रंग

एकदा एक छायाचित्रकार होता. श्रीकर त्याचे नाव, आणि आपल्या डोळ्यांवर त्याचा गाढ विश्वास. लग्नसमारंभ, दागिन्यांच्या जाहिराती, हॉटेलांची माहितीपत्रके अशी अनेक कामे त्याने केली होती. छायाचित्र संगणकावर उघडून त्याचा रंग जमवताना तो कधी कोणाला विचारीत नसे. कोणी शंका काढलीच तर ‘मला दिसतं’ एवढेच त्याचे उत्तर असे.

या श्रीकरकडे एक निराळे काम आले. एका डोंगराळ तालुक्यात मृणाल धारप नावाच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आरोग्यसेविकांसाठी सचित्र पुस्तिका तयार करीत होत्या. नवजात बाळाला कावीळ चढू लागली की त्याची त्वचा कशी दिसते आणि निरोगी बाळाची कशी दिसते, हे वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या बायकांना चित्रावरून कळावे, असा हेतू होता. श्रीकरने चाळीसेक बाळांची छायाचित्रे काढली, नेहमीच्या सफाईने त्यांचे रंग जमवले आणि छापखान्यात धाडली. नमुन्याच्या वीस प्रती वाड्यांवर गेल्या.

पंधरवड्याने डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतले. तेथे कौसल्याबाई नावाची आरोग्यसेविका बसली होती, मांडीवर पुस्तिका उघडी. तिने सांगितले ते असे. एका वाडीवरचे चार दिवसांचे बाळ तिला पिवळट वाटले. दवाखान्यात चला म्हणून ती मागे लागली, तर बाळाच्या बापाने तिच्याच हातातली पुस्तिका घेतली आणि त्यातले निरोगी बाळाचे चित्र लेकराशेजारी धरले. दोन्ही सारखीच दिसत होती. मग न्यायचे कशाला, असे त्याने विचारले. त्याची समजूत घालण्यात अर्धा दिवस गेला. बाळ दवाखान्यात पोचले, काविळीवर उपचार म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले, वाचले. आणखी एक दिवस गेला असता तर काही सांगता आले नसते, असे डॉक्टर म्हणाल्या.

“दादा, तुमचं निरोगी बाळ माझ्या आजारी बाळाएवढं पिवळं आहे,” कौसल्याबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच श्रीकरला सोसवेना.

घरी येऊन त्याने ते छायाचित्र उघडले. पडद्यावर बाळ गुलाबीसर, टवटवीत दिसत होते. कागदावर तेच बाळ हळदीत बुडवल्यासारखे. छापखान्याचीच चूक, असे त्याने ठरवले आणि दुसऱ्या छापखान्यातून प्रत काढून आणली. तीही पिवळी. मग त्याने पिवळा रंग कमी केला, तर बाळ पिठासारखे पांढरे पडले. थोडा वाढवला. पुन्हा कमी केला. सकाळी बरोबर वाटलेले संध्याकाळी चुकीचे वाटू लागले. जेवताना तो आपल्या मुलीच्या हाताकडे टक लावून बघायचा. रस्त्याने जाताना लोकांचे चेहरे मनातल्या मनात दुरुस्त करायचा. एकाच छायाचित्राच्या साठ आवृत्त्या त्याच्याकडे जमल्या आणि त्यांतली खरी कोणती, हे त्याला सांगता येईना.

शेवटी तो आपल्या मास्तरांकडे गेला. ज्यांच्या स्टुडिओत तो हा धंदा शिकला ते हे वृद्ध गृहस्थ आता काम करीत नसत. मास्तरांनी त्याचे सारे ऐकून घेतले, सल्ला मात्र दिला नाही. मूळ छायाचित्रे माझ्याकडे ठेवून जा, उद्या ये, एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला मूळ छायाचित्रातून कापून काढलेला एक लहानसा तुकडा दिला. त्यात एका बाळाची फक्त मूठ होती. संगणकावर डोळ्याला पटेल तसा त्याचा रंग जमवायचा, तो कागदावर छापून आणायचा, आणि कशासाठी ते विचारायचे नाही, असे त्यांनी सांगितले. श्रीकरने सकाळच्या उन्हात खिडकीपाशी बसून ते काम केले. मास्तरांनी कागद हातात घेतला आणि न बघताच खणात टाकला. पुढच्या दिवशी दुसरा तुकडा दिला. या वेळी नुसते कपाळ होते. त्या दुपारी डॉक्टरांचा फोन आला, पुस्तिका अडली आहे म्हणून. श्रीकर धास्तावला आणि पिवळ्याचा अंशही राहू नये अशा बेताने त्याने ते कपाळ धुऊन काढले. तिसऱ्या दिवशी पाऊल आले. ते त्याने दिवेलागणीला, ट्यूबलाइटच्या उजेडात केले. चौथ्या दिवशी पोटाचा भाग मिळाला, तेव्हा त्याचा संयम सुटत आला होता. म्हाताऱ्याला वेळ जात नाही म्हणून आपला खेळ चालला आहे, असे त्याच्या मनात आले. दहा मिनिटांत त्याने ते उरकले.

“मास्तर, तिकडे माझ्यामुळे काम अडलंय,” कागद पुढे करीत तो म्हणाला. “हे आणखी किती दिवस करायचं?”

मास्तरांनी खण उघडला. चारही कागद त्यांनी टेबलावर मांडले आणि कडेला कड लावून सावकाश जुळवले. श्रीकरला समजायला क्षणभर लागला. ते एकच बाळ होते. त्याच्याच एका छायाचित्रातले, एका क्षणी एका उजेडात टिपलेले. मूठ पिवळी होती, कपाळ पांढुरके, पाऊल लालसर, आणि पोटावर निळसर झाक.

“हे बाळ अंगणात होतं तेव्हा त्याच्या अंगावर किती रंग होते?” मास्तरांनी विचारले.

“एकच,” श्रीकर म्हणाला.

“डोळा फार सोशिक असतो,” मास्तर म्हणाले. “हिरव्या खोलीत बसवलंस, तर थोड्या वेळात तो त्या हिरव्याची सवय करून घेतो आणि तुला कळवतही नाही. तू घाईत असलास तर तो घाईत बघतो. भ्यायलास तर तुझ्या भीतीला हवं ते दाखवतो. अशा साक्षीदाराला आधी उभं राहायला न हलणारी जागा द्यावी, मग साक्ष विचारावी. तू चार दिवस चित्र दुरुस्त करत होतास. ज्या पडद्यावर ते बघतोस तो पडदा तू कधी तपासलास?”

मग थोडे थांबून ते म्हणाले, “माझ्या स्टुडिओतल्या दिव्याची काच जुनी होऊन पिवळी पडली होती. त्या पिवळ्या उजेडात बघून एका हंगामातली सगळी लग्नं मी निळसर छापली. लग्नातली माणसं निळी झाली तरी कोणी मरत नाही, म्हणून मला ते फार उशिरा कळलं.”

श्रीकर घरी आला आणि त्याने आपली खोली जणू पहिल्यांदाच पाहिली. भिंती पोपटी होत्या. खिडकीतून ऊन येत-जात होते. त्याने भिंतींना करडा रंग दिला, खिडकीला जाड पडदा लावला, एकाच जातीचा दिवा ठेवला. संगणकाच्या पडद्याचा रंग मोजणारे छोटे यंत्र मागवून तपासले, तर पडदाच निळसर निघाला. त्या निळ्याला झाकण्यासाठी तो प्रत्येक बाळावर पिवळा चढवीत आला होता, आणि कागद ते पिवळे प्रामाणिकपणे दाखवीत होता.

सर्वांत कठीण गोष्ट पुढेच होती. डॉक्टरांकडे जाऊन त्याने सांगितले की छापखान्याचा दोष नाही, माझा आहे. वाटलेल्या प्रती परत मागवा. शिवाय जुन्या छायाचित्रांत रंग पडताळून पाहायला काही खूणच नव्हती, म्हणून सर्व छायाचित्रे आता जन्मणाऱ्या बाळांची, पहिल्यापासून काढावी लागणार होती. डॉक्टर संतापल्या. काम दीड महिना लांबले. श्रीकर पुन्हा वाड्यावाड्यांवर फिरला. या वेळी प्रत्येक बाळाच्या पहिल्या छायाचित्रात त्याने आईच्या हाती एक करडे कार्ड दिले, म्हणजे नंतर रंग जमवताना अंदाज बांधावा लागू नये; चित्रात कार्ड करडेच दिसले की बाळाचा रंगही बरोबर. छापखान्याकडून पुस्तिकेच्याच कागदावरची कच्ची प्रत मागवून ती पडद्याशी ताडून पाहिली आणि मगच होकार दिला.

ती प्रत घेऊन तो कौसल्याबाईकडे गेला. तिने ती भर दुपारी ओसरीच्या सावलीत एका नवजात बाळाशेजारी धरली. बराच वेळ आळीपाळीने दोन्हीकडे बघत राहिली.

“आता हे बाळासारखं दिसतंय,” ती म्हणाली. “पण दादा, मी आधी बाळच बघणार.”

पूर्वीच्या श्रीकरला हे बोलणे लागले असते. आता त्याने नुसती मान हलवली आणि परतताना वाट वाकडी करून डॉक्टरांकडे गेला. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर त्याने एक ओळ घालायला लावली: ‘चित्र केवळ मदतीला आहे, बाळाला दिवसाच्या उजेडात पाहा, आणि शंका आली तर थांबू नका.’

त्याची अस्वस्थता संपली असे नाही. दर सोमवारी काम सुरू करण्यापूर्वी तो संगणकाच्या पडद्याचा रंग मोजतो, आणि आकडा बरोबर आला तरी क्षणभर घुटमळतो. हे त्याने एकदा मास्तरांना थोडे संकोचाने सांगितले. मास्तर म्हणाले, “ते घुटमळणं तसंच राहू दे.”