कडब्यात लपवलेल्या विळ्या

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या शेवटाला एका लोहाराची साळ होती. साळ म्हणजे काय, चार मेढी, वर गवत, खाली एक भाता आणि एक ऐरण. पण तेवढ्याशा छपराखाली तलवारी व्हायच्या आणि चांगल्या व्हायच्या. भाता बायको ओढायची, घण तो मारायचा. तिसरं माणूस नव्हतं, आणि असतं तर उभं कुठं राहिलं असतं हाही प्रश्नच.

या लोहाराला एक खोड होती. तलवार झाली की आधी तो स्वतःच ती मोडायला बघायचा. गुडघ्यावर घेऊन वाकवायचा, दारातल्या बाभळीच्या ओंडक्यावर दणादण हाणायचा. सरळची सरळ राहिली तर मूठ बसवायची. जरा वाकडी राहिली, कुठं केसाएवढी चीर दिसली, की ती गेलीच. मग तो दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. जेवायचाही, पण रागानं.

बायको मात्र काही फुकट घालवणारी नव्हती. फुटक्या पात्यांच्या ती त्याच्याकडून विळ्या, खुरपी, अडकित्ते करून घ्यायची आणि गावात वाटून टाकायची. कुणाच्या लेकीचं लग्न, दे विळी. कुणाची सून आली, दे विळी. असं करता करता गावात एक घर उरलं नाही जिथं या लोहाराच्या मोडक्या तलवारीवर भाजी चिरली जात नव्हती. ओळखू कशी यायची? पात्याच्या मधोमध तलवारीला असते तशी खोबणी असायची. भोपळा कापायला खोबणी काय करायची आहे? काही नाही. पण होती.

एकदा वरच्या किल्ल्यासाठी नव्या तलवारी हव्या झाल्या. किल्लेदारानं एक म्हातारा पारखी धाडला आणि सांगितलं, ज्याचं काम खरं त्याला काम दे. तलवारी घडवणारे दोनच. एक आपला लोहार, दुसरा पेठेतला कारखानदार. कारखानदाराकडं भात्यांची रांग होती, राबणारी माणसं होती, आणि सगळ्यांत मोठं होतं त्याचं तोंड. "माझ्या हातून आजवर एक पातं वाया गेलेलं नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. लोकही माना डोलवायचे. लोकांचं काय, मोठ्यानं सांगितलं की त्यांना पटतं.

काम पेठेत गेलं असतं तर आपल्या लोहाराला भट्टी विझवावी लागली असती. आसपास तलवार मागणारं दुसरं कुणी नव्हतं. "ये, तुला भाता ओढायला ठेवतो," असा निरोप कारखानदारानं आधीच धाडला होता. तो निरोप लोहाराला फार झोंबला होता.

पारखी उद्या येणार असं कळलं आणि लोहार घाबरला. तलवारींची भीती नव्हती, भीती होती विळ्यांची. पारखी गावातूनच येणार, बायका दारादारात भाजी चिरत बसलेल्या असणार, आणि प्रत्येक विळीवर ती खोबणी. आंधळ्यालासुद्धा कळेल, या लोहाराच्या हातून किती पाती वाया गेली ते.

भीतीनं माणसाला अक्कल येते म्हणतात. खोटं आहे. लोहार टोपली घेऊन घरोघर फिरला. म्हणाला, आणा, धार लावून देतो, उद्या दुपारच्या आत परत. फुकटची धार कोण सोडतं? बायकांनी विळ्या दिल्या, खुरपी दिली, अडकित्ते दिले. घरी बायको पाण्याला गेली होती, तेवढ्यात तिचीही विळी त्यानं उचलली. सगळं नेऊन परसातल्या कडब्याच्या गंजीत खोल खुपसलं आणि वरून कडबा सारखा केला. मग अंगण झाडून काढलं. लोखंडाचा एक कपचा दिसू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पारखी आला. वाळल्या शेंगेसारखा म्हातारा, आणि उजव्या हाताला अंगठा नाही. बोलणं कमी. त्यानं एकेक तलवार घेतली, उन्हात धरून धारेवरून नजर नेली, वाकवून बघितली, ओंडक्यावर हाणून बघितली. चांगली म्हणाला नाही, वाईटही म्हणाला नाही. सगळ्या बघून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "फुटलेली पाती कुठं टाकतोस?"

हा प्रश्न येणार म्हणून लोहारानं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. छाती काढून म्हणाला, "आपल्या हातून पातं फुटतच नाही, सरकार."

पारख्यानं त्याच्याकडं बघितलं, मग त्या झाडलेल्या अंगणाकडं बघितलं. "अस्सं," म्हणाला. "पेठेतलाही हेच म्हणाला." तलवार खाली ठेवली आणि वहाणा शोधायला लागला. काय बिघडलं ते लोहाराला उमगेना, पण बिघडलं आहे एवढं त्याला कळलं.

तेवढ्यात आतून बायकोनं हाक दिली, "पाव्हणं, जेवल्याबिगर जायाचं न्हाई." अन्नाला नाही म्हणू नये, म्हणून पारखी ओसरीवर टेकला. आत भाकरी झाल्या होत्या, भोपळा मात्र अख्खा पडला होता. भांडी आपटल्याचा, सुपं हलवल्याचा आवाज यायला लागला. विळी सापडत नव्हती.

आणि मग वाटेनं बायकांचा घोळकाच आला. पुढं कुंभाराची म्हातारी, हातात लाटणं.

"लोहारदादा," ती म्हणाली, "धार लावतोस का विळ्यांचं लोणचं घालतोस? घरात वांगी आख्खी पडल्यात."

दुसरी म्हणाली, "आमचा म्हातारा कालपासनं सुपारी दातानं फोडाय बघतोय. आन् दात त्याला दोनच."

लोहारानं खालच्या आवाजात सांगितलं की उद्या देतो, आज पाहुणे आहेत, जा. पण कुंभाराच्या म्हातारीला खालचा आवाज ऐकूच यायचा नाही. ती म्हणाली, "उद्या? मग आज तुझी तलवार शिजवू व्हय?"

बायको कमरेवर भोपळा घेऊन बाहेर आली. नवरा सारखा गंजीकडं बघतोय हे तिनं बघितलं आणि तिला काय ते समजलं. "माझीबी तुमीच नेलीत," ती म्हणाली. लोहार कुजबुजला, अगं, किल्ल्याचं काम जाईल. त्यावर ती सगळ्यांदेखत म्हणाली, "गेलं तर जाऊ द्या. एका किल्ल्यापायी साऱ्या गावाला उपाशी ठेवता काय? आदी विळ्या द्या."

अजूनही लोहाराला निभावून नेता आलं असतं. या विळ्या माझ्या नव्हेतच, बाजारातल्या आहेत, मी फक्त धार लावतो, असं म्हणायचं. शब्द जिभेवर आलेही होते. पण समोर त्या बायका उभ्या. त्याची मोडकी पाती त्यांनी वर्षानुवर्षं वापरली, कधी नाव ठेवलं नाही. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं की ही माझी नव्हेत?

लोहार गंजीकडं गेला, कडब्यात हात घातला आणि सगळं बाहेर ओढलं. खण्‌ खण्‌ करत ढीग पडला. मान खाली घालून म्हणाला, "मघाशी खोटं बोललो, सरकार. ही सगळी माझीच फुटकी पाती."

पारख्याची एक वहाण पायात, एक हातात. ती हातातली त्यानं टाकून दिली आणि ढिगाशी येऊन बसला. एक विळी उचलून विचारलं, हिला काय झालं होतं? लोहार म्हणाला, लोखंड जास्त तापलं, पाण्यात घातल्याबरोबर चिरली. आणि हिला? वाकवली ती वाकडीच राहिली.

"आणि ही?"

"हिला काही झालं नव्हतं," लोहार म्हणाला. "ओंडक्यावर मारली तर आवाज बद्द आला. चीर काही दिसेना, पण मला झोप लागेना. म्हणून तोडली."

"ती माझी हाय," कुंभाराची म्हातारी म्हणाली. "सुरण काय कापती म्हणून सांगू."

पारखी हसला. सकाळपासून पहिल्यांदा. म्हणाला, "अरे, दाखवायला चार तलवारी कुणीही चांगल्या काढतो. पण पातं सगळ्यांच्याच हातून फुटतं. पेठेत एवढे भाते, आणि दारात फुटकं पातं एक नाही. तुझ्याही दारात नव्हतं. मग ती फुटकी जातात कुठं? म्यानात." त्यानं बिनअंगठ्याचा हात वर केला. "माझा अंगठा असल्याच कधी न फुटणाऱ्या तलवारीनं नेला. ऐन वेळी मुठीतून मोडली. तुझी फुटकी पाती बायकांच्या हातात आहेत. पेठेतल्याची शिपायांच्या हातात आहेत. काम तुझं. पण दर खेपेला तलवारींबरोबर फुटकी पातीही आणायची. एकही फुटलं नाही म्हणालास, तर सगळ्या तलवारी परत."

"दावून झाली की माघारी द्यायची बरं का, पाव्हणं," लोहाराची बायको म्हणाली. "पाटलाच्या दोन सुना यायच्या हायत."

मग भोपळा चिरला गेला, आणि पारखी चांगला दोन भाकरी जास्त जेवला. जाताना घरच्या माणसासाठी एक विळीही मागून घेतली.

पेठेतल्या कारखानदाराला ही गोष्ट कळली तेव्हा त्यानं भंगार विकत आणून दारात ढीग लावला. पुढं पारखी तिकडून जाताना थांबला आणि एक तुकडा उचलून म्हणाला, हे का फुटलं? तो नांगराचा फाळ होता.

लोहाराची भट्टी पुढं कितीतरी वर्षं धगधगत राहिली. हात आणखी बसत गेला तशी पाती कमी फुटायला लागली, आणि गावातल्या नव्या सुना साळीच्या दारात येऊन म्हणायच्या, "भावजी, औंदा एखादी तरी मोडा की."

आता तात्पर्य. माणूस आहे तिथं चूक आहे. ज्याच्या दारात त्याच्या चुका दिसत नाहीत, त्यानं त्या तुमच्या घरी पाठवल्या आहेत असं समजा.