नाव कुठंही चालतं

एका गावात एक भोळा गडी होता. नाव लिंबाजी. भोळा म्हणजे किती भोळा? आई म्हणायची, "दुधाकडं बघ रे." हा दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत बघत बसायचा. बघ म्हणाली होती. उतरव कुठं म्हणाली होती?

त्याचं लग्न शेजारच्या गावच्या दौलत मास्तरांच्या वच्छलाशी ठरत आलं होतं. वच्छलाला तो मनापासून आवडला होता. "सांगितलेलं ऐकणारा नवरा शोधून तरी सापडतो का गं?" असं ती मैत्रिणींना म्हणायची. अडचण होती ती मास्तरांची. मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे, आणि त्यांचा एक पण होता. जो 'टर्न ऑफ इट' म्हणेल त्याला मुलगी द्यायची नाही. आधीची तीन स्थळं, चांगली बागायतदार, या एका वाक्यापायी चहा न पिता परत गेली होती.

मास्तरांनी लिंबाजीला पुढ्यात बसवलं.

"नीट ऐक. टर्न ऑफ म्हणजे बंद करणं. टर्न द लाइट ऑफ म्हण, चालतं. टर्न ऑफ द लाइट म्हण, तेही चालतं. वस्तूचं नाव घेतलंस की ते मधे चालतं, शेवटीही चालतं. पण नाव न घेता इट, हिम, हर म्हणालास, म्हणजे तो, ती, ते, तर मात्र मधेच. टर्न इट ऑफ. काय ध्यानात ठेवशील?"

"नाव घेतलं तर मधे चालतं, शेवटी चालतं. तो-ती-ते असलं तर मधेच."

"भले शाब्बास!" मास्तर म्हणाले, आणि चहा आला.

लिंबाजी नियम घोकत घरी पोचला. आईनं नुकतंच अंगण शेणानं सारवलं होतं. तेवढ्यात लग्नाचं बोलायला मामा आला. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा. आई चुलीपासून ओरडली, "लिंबाजी, तो आलाय बघ. बसव त्याला."

तो! लिंबाजीनं मामाचा हात धरला, अंगणाच्या बरोबर मधे नेला आणि खांदे दाबून ओल्या शेणात बसवला.

"अरे मुडद्या, हे काय केलंस?" आईनं कपाळावर हात मारला.

"तू तो म्हणालीस. मामा म्हणाली असतीस तर ओसरीच्या शेवटालासुद्धा चाललं असतं."

मामा तसाच, हिरव्या धोतरानं, मास्तरांकडं गेला. मास्तरांनी लिंबाजीला बोलावून घेतलं.

"अरे बाबा, तो नियम क्रियापदाचा आहे, मामाचा नव्हे! आणि प्रत्येक ठिकाणी मधे घुसायचं नसतं. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. ही जोडी फुटत नाही. लुक आफ्टर हर. जोडी फोडायची नाही, ती मागं. कळलं?"

"जोडी फोडायची नाही, ती मागं."

आता मास्तरांची थोरली बहीण, ठकूआत्या. त्या घरात मास्तरांचं इंग्रजी चाले, पण हुकूम आत्याचा. लग्नासाठी ती एस्टीनं येणार होती. मास्तरांनी लिंबाजीला बैलगाडी घेऊन स्टँडवर पाठवलं. म्हणाले, "आत्याला नीट सांभाळून आण हो."

सांभाळून म्हणाले ना? मग झालं तर. दिवेलागणीच्या आधी गाडी दारात आली. पुढं बैलांची जोडी. गाडीत लिंबाजी. आणि गाडीच्या मागं, तीन मैल धूळ खात, डोक्यावर ट्रंक घेऊन ठकूआत्या.

"ह्यानं मला गाडीत घेतलं नाही, दौलत!"

"कशी घेणार?" लिंबाजी म्हणाला. "जोडी फोडायची नाही. ती मागं."

आत्यानं ट्रंक आदळली. "आणखी एक घोटाळा होऊ दे, मांडवच मोडते की नाही बघ!"

वच्छलानं आत्याचे पाय धरले. ती खरंच रडायला लागली. या सालातला हा शेवटचा मुहूर्त. चुकला तर थेट दिवाळीनंतर, आणि तोवर आत्या चौथा बागायतदार शोधून आणणार, हे तिला पक्कं माहीत होतं. आत्या विरघळली. म्हणाली, "एक डाव माफ. एकच."

मास्तरांनी घाम पुसला आणि लिंबाजीला कोपऱ्यात घेतलं. "अरे, पाहुण्या माणसाला आणायचं म्हणजे पिक अप! ही जोडी फुटते. पिक हर अप. उचल, तिला, वर!"

"वर म्हणजे मीच ना?"

मास्तर तेव्हा आचाऱ्याशीही बोलत होते. "हो रे बाबा, तूच वर."

लग्नाच्या दिवशी ठकूआत्या नऊवारी नेसून मांडवाच्या दारात आली. लिंबाजी मुंडावळ्या बांधून बसला होता. तो उठला, दारात गेला, आत्याला दोन्ही हातांवर उचललं आणि बोहल्यावर आणलं. वाजंत्र्यांना वाटलं हीच नवरी. त्यांनी बँड सुरू केला. चार जणांनी अक्षतासुद्धा टाकल्या.

वच्छलानं डोळे मिटून घेतले. आत्यानं पदर सावरला आणि म्हणाली, "गुडघे दुखतच होते मेले. चालवण्यापेक्षा हे बरं. सुधारतोय पोरगा."

झालं! सगळ्यांना हायसं वाटलं. अंतरपाट धरला गेला. अलीकडं वच्छला हार घेऊन, पलीकडं लिंबाजी. मंगलाष्टकं सुरू झाली. आणि एका चावट मैत्रिणीनं वच्छलाला कोपरानं ढोसलं, "कुठायत गं तुझे ते?"

वच्छला लाजून म्हणाली, "ते काय, ते पलीकडं."

ते! लिंबाजी पुढं सरकला आणि अंतरपाटात नाक खुपसून बरोबर मधोमध उभा राहिला.

"नवरदेव, मागं व्हा," भटजी म्हणाले. "पाचच मिनिटं राहिलीत."

"नाही जमायचं. ती ते म्हणाली. ते मधेच."

मामानं ओढला. मित्रांनी ढकलला. हलेल तर शप्पथ! अख्ख्या मांडवात रोग कळला एकट्या मास्तरांना. आपल्याच हातचा होता ना.

"वच्छे, नाव घे!"

"लग्नाआधी नाव?" आत्या किंचाळली.

"नाव घेतल्याशिवाय तो मधनं निघायचा नाही, आक्का! घे पोरी, लवकर घे!"

वच्छला म्हणाली,

"मुहूर्ताला माझ्या उरली दोनच पळं,
लिंबाजीरावांचं नाव घेते, देवा दे रे बळ!"

टाळ्या पडल्या. लिंबाजीचं तोंड उजळलं. नाव आलं! आता मधेच उभं राहायची सक्ती नाही. मधे चालतं, शेवटीही चालतं. मास्तरांनीच सांगितलं होतं, चालतं.

म्हणून तो चालू लागला.

बोहल्यावरून उतरला, पंगतीच्या पत्रावळींना वळसा घालून मांडवाबाहेर पडला आणि सडकेला लागला. लोकांना वाटलं, नवरदेवाला लघवीला लागली असेल. सडकेवर एस्टी उभीच होती. लिंबाजी चढला. गाडी निघाली.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"शेवटी."

कंडक्टरनं शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडलं. मग त्याचं लक्ष मुंडावळ्यांकडं गेलं. "काय नवरदेव, एकटेच? नवरी कुठं आहे?"

लिंबाजी खिडकीशी ऐसपैस बसला. मास्तरांचा एकही नियम आज चुकला नव्हता.

"आमची जोडी फुटायची नाही," तो म्हणाला. "ती मागं."

कंडक्टरनं मागच्या काचेतून पाहिलं. सडकेवर धुरळा उडाला होता. धुरळ्यात शालू खोचून, हातात हार घेऊन वच्छला जिवाच्या आकांतानं पळत होती. तिच्या मागं मास्तर. मास्तरांच्या मागं भटजी, घड्याळ बघत.

"आहे की," कंडक्टर म्हणाला, आणि त्यानं डबल बेल मारली.