दहा जागा, चाळीस पोरं

एसटीत कंडक्टर असलेल्या सरूबाई लोणकर डबल ड्युटी उरकून लेकीला घेऊन थेट प्रवेशतज्ज्ञ रणदिवेसरांकडे आल्या. सकाळपासून बाकावर बसून कंबर मोडली. एकाच नामांकित कॉलेजच्या आशेनं आलेलं प्रत्येक पोर सरांच्या खोलीतून हरखून बाहेर येई आणि सांगे, "सत्तर टक्के चान्स आहे!"

सगळ्यांत शेवटी त्यांचा नंबर लागला. सरांनी गुणपत्रिका नुसती चाळली.

"त्या कॉलेजात जागा अवघ्या दहा. पण माझा अंदाज आजवर चुकलेला नाही. हिचा चान्स सत्तर टक्के!"

लेकीचा चेहरा खुलला. सरूबाईंनी मात्र डोळे चोळले.

"सर, आज तुमच्याकडं हिला धरून चाळीस पोरं आली. डोकी मोजायची सवयच आहे मला. सगळ्यांना त्याच कॉलेजचे सत्तर टक्के दिलेत, म्हणजे चाळीसातली अठ्ठावीस पोरं आत गेली. जागा दहा."

"मग?" सर गुरकावले.

"मग काय? आमच्या गाडीत उभे प्रवासी किती घ्यायचे, ते निदान पाटीवर लिहिलेलं असतं. तुमची ही वरची अठरा पोरं त्या कॉलेजात कुठल्या दांडीला धरून उभी राहणार?"