नऊ गाठींची विहीर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. नावावाचून गोष्टीचं काही अडत नाही. तेव्हा मुलांनो, जवळ सरका. मोठ्यांनीही कान इकडे द्यावेत, कारण या गोष्टीतली चूक मोठ्यांचीच आहे.

त्या राज्यात दर उन्हाळ्यात दोन-चार गावं उठायची. विहिरी आटल्या की माणसं गुरंढोरं घेऊन वाट फुटेल तिकडे निघायची. राजाला याचं फार वाईट वाटे. एका वर्षी त्याने राज्यातून चाळीस माणसं निवडली, राजधानीत आणून वर्षभर त्यांना पाण्याचं शास्त्र शिकवलं आणि एकेकाला एकेका गावी पाणकारभारी म्हणून धाडलं.

"नुसतं पाणी राखू नका," निरोप देताना राजा म्हणाला. "गावाला पाणी राखायला शिकवा. तुम्ही आज आहात, उद्या नसाल."

त्या चाळिसांतला एक आपला कारभारी. माणूस हाडाचा भला. तो लहान असताना त्याचं स्वतःचं गाव असंच उठलं होतं, आणि आईच्या कडेवर बसून केलेली ती वाटचाल तो विसरला नव्हता. म्हणून काम अगदी जीव ओतून करी. पण त्याला एक खोड होती. मनात येईल ते लगेच त्याच्या तोंडावर दिसे. आनंद झाला की चेहरा फुले, वाईट वाटलं की पडे. आणि एकदा चेहरा पडला, की त्याला घास गिळवत नसे.

त्याच्या वाट्याला आलेल्या गावात एकच विहीर होती. इतकी खोल, की वाकून पाहिलं तरी अंधारच दिसे. तिच्या एका अंगाला शेताची मोट चाले, दुसऱ्या अंगाला बायका पोहऱ्याने पाणी शेंदत. कारभाऱ्याने एक लांब दोरी घेतली, तिला हाताहातावर गाठी मारल्या आणि टोकाला धोंडा बांधला. दोरी तळापर्यंत सोडायची, वर ओढायची आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या. सात किंवा जास्त गाठी भिजल्या, तर मोट चालू. सातच्या खाली गेलं की मोट बंद, आणि उरलेलं पाणी फक्त माणसांच्या आणि गुरांच्या तोंडचं. एवढं पाळलं तर उन्हाळा निघतो आणि गाव उठत नाही.

हे त्याने घरोघर जाऊन शिकवलं. दर बाजारच्या दिवशी सकाळी एका घराने माप घ्यायचं, पाळीपाळीने, आणि संध्याकाळी चावडीत आकडा सांगायचा. तो स्वतः दोरीला हात लावत नसे. "मी मोजलं तर तुम्ही कधी शिकणार?" असं तो म्हणे. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते जेवणात.

कारभारी एकटा, म्हणून गावाने त्याला वार लावून दिले होते. रोज एका घरी जेवण. बाजारच्या दिवशी मात्र ज्या घराने माप घेतलं असेल, त्याच घरी त्याचं पान. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

कार्तिकात पहिलं माप झालं. बारा गाठी भिजल्या. त्या संध्याकाळी कारभाऱ्याने चार भाकऱ्या खाल्ल्या.

पुढं तेलिणीची पाळी आली. तिच्या हाती अकरा गाठी आल्या. तिने अकरा सांगितल्या. मार्गशीर्षात एवढं उतरायचंच, पण कारभाऱ्याचा चेहरा पडला. तो पानावर बसला, भरताच्या वासानेही त्याला भूक लागेना, आणि तांब्याभर पाणी पिऊन तो उठला. तेलीण बिचारी रात्रभर तळमळली. आपल्या दारातून पाव्हणा उपाशी उठला, हे तिने दुसऱ्या दिवशी विहिरीवर चार बायकांना डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मग सुताराघरी दहा निघाल्या आणि तिथंही तेच झालं. शिंप्याघरी नऊ निघाल्या तेव्हा शिंपीण पानापुढे बसून विनवत राहिली, आणि कारभाऱ्याने कसाबसा एक घास खाल्ला.

पुढची पाळी माळणीची. आठ गाठी भिजल्या होत्या. चुलीवर खीर शिजत होती. माळणीने एकदा ओल्या दोरीकडे पाहिलं, एकदा खिरीकडे पाहिलं, आणि चावडीत जाऊन सांगितलं, "नऊ." एका गाठीने काय होतंय, असं तिला वाटलं. कारभारी पोटभर जेवला आणि खिरीला नावाजून गेला.

आता पुढच्या घराने काय करावं? त्यांनाही आठच गाठी मिळाल्या. आठ सांगितल्या तर माळणीच्या घरानंतर आपल्याच हातून पाणी उतरलं असं दिसणार, आणि पाव्हणा उपाशी उठणार तो वेगळाच. त्यांनीही नऊ सांगितल्या. त्यापुढच्या घरानेही नऊच. प्रत्येकाला वाटे, खोटं बोललो ते आपण एकटेच, बाकी गाव खरं बोलतंय. पोहरा खोल जातोय हे बायकांच्या हातांना कळत होतं. पण चावडीत नऊचा आकडा ऐकला, की आपलाच दोर आखडला असेल अशी त्या मनाची समजूत घालीत.

मोट चालूच राहिली. गहू हिरवागार उभा होता. दर अमावास्येला राजाचा जासूद निरोप न्यायला येई आणि नऊचा आकडा राजधानीत नेई. राजाने खूश होऊन कारभाऱ्याला शाल पाठवली आणि आपला भाबडा कारभारी फाल्गुनातल्या उन्हातही ती पांघरून हिंडू लागला.

फाल्गुनातच कुंभारणीची पाळी आली. तिच्या हाती चार गाठी आल्या. तिने नऊ सांगितल्या, कारभाऱ्याला पिठलं-भाकरी वाढली आणि त्या रात्री ती स्वतः जेवली नाही.

दोन दिवसांनी ती शेताच्या बांधावर आली. कारभारी पाटातला गाळ काढत होता.

"कारभारी, एक विचारू?" ती म्हणाली. "लेकीचं पहिलं बाळंतपण हाय. वैशाखात दिवस भरतील. माहेरी आणावी म्हणते. तवर पाणी पुरंल न्हवं?"

कारभारी हसला. "मावशी, हे मला काय विचारता? माप तुमच्याच हातचं. नऊ गाठी आहेत. खुशाल आणा लेकीला."

कुंभारीण हलली नाही. या माणसाला आपल्याहून काही जास्त ठाऊक असेल, अशी आशा धरून ती आली होती. त्याने तिचंच खोटं तिला परत दिलं, तेही इतक्या मायेने. ती बांधावर खाली बसली.

"चार हायेत," ती म्हणाली.

"काय चार?"

"गाठी. चारच भिजल्या व्हत्या. मी नऊ सांगितल्या."

कारभारी तसाच विहिरीकडे धावला. गावात आल्यापासून पहिल्यांदा त्याने दोरी स्वतःच्या हाताने सोडली. चार गाठी भिजल्या, त्यातली चौथी जेमतेम ओलसर. तोवर सगळं गाव जमलं होतं. कुंभारणीने सगळ्यांपुढं आपलं खोटं कबूल केलं. ते ऐकून दुसरी एकजण खालमानेने म्हणाली, "आमच्या येळंला पाच व्हत्या." मग कुणी म्हणालं सहा, कुणी म्हणालं सात. माणसं एकमेकांकडे बघतच राहिली. आपण एकटे नव्हतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

कारभारी गावाकडे वळला. "मी शिकवण्यात काय कमी केलं? तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात?"

 तेलीण पुढं झाली.

"मी खरं सांगितलं व्हतं, कारभारी," ती म्हणाली. "अकरा. तुम्ही माझ्या घरनं उपाशी उठलात. त्यानंतर कुणाला धीर झाला न्हाई."

कारभारी विहिरीच्या काठावर बसला. रडू आलं ते त्याने लपवलं नाही. या माणसांनी त्याला फसवलं नव्हतं. त्यांनी त्याला चार घास सुखाने खाऊ घातले होते, आणि त्या घासांपायी गाव उठायची वेळ आली होती.

"चूक माझी," तो म्हणाला. "तुम्हाला मोजायला शिकवलं आणि स्वतः ऐकायला शिकलो नाही."

बैल तिथल्या तिथं सोडले. मोट बंद झाली. अर्धा गहू दाणा न भरताच वाळणार होता. तो सगळ्यांनी डोळ्यांदेखत वाळू दिला. घरामागे रोज दोन घागरी ठरल्या. गुरांचं पाणी वेगळं. कुंभारणीने न सांगता आपलं चाक बंद केलं.

"लेकीला मी न्हाई आणत," ती म्हणाली.

"आण," तेलीण म्हणाली. "किती हाय ते आता खरं ठाऊक झालंय. त्यातनं एक घागर काढता येईल."

त्याच दिवशी कारभाऱ्याने शाल घडी करून जासुदाकडे दिली आणि सोबत राजाला लिहिलं: 'नऊ खोटे होते. खरे चार. गावाला बोल लावू नये, दोष माझा.' राजाने ते पत्र वाचलं. नऊच्या आकड्याला शाल त्यानेच धाडली होती. त्याने उरलेल्या एकोणचाळीस कारभाऱ्यांना निरोप पाठवला, की माप पुन्हा घ्या, जे निघेल ते कळवा, आधीचं का चुकलं हे कुणाला विचारलं जाणार नाही. पुढच्या अमावास्येला सव्वीस गावांचे आकडे खाली आले. सव्वीस मोटा वेळेवर थांबल्या.

इकडे दर बाजारच्या दिवशी माप होत राहिलं. साडेतीन. तीन. अडीच. कारभाऱ्याचा चेहरा पडू पाही, पण तो मान हलवून म्हणे, "बरं झालं सांगितलंत. आता काय करू या?" मग गुरं धुणं बंद झालं, भांडी राखेने घासून निघू लागली, आणि दरवेळी काहीतरी सुचवणारं कुणी ना कुणी पुढं येई.

वैशाखात कुंभारणीला नात झाली. तिच्या बाराव्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी आणून कुंभारणीच्या हंड्यात ओतलं, आणि बाळाला न्हाऊ घातलं. ज्येष्ठात ढग भरून आले तेव्हा विहिरीत एक गाठ भिजेल इतकं पाणी शिल्लक होतं. त्या वर्षी त्या राज्यातलं एकही गाव उठलं नाही.

बोध इतकाच: ज्याला वाईट बातमी शांतपणे ऐकून घेता येते, त्यालाच लोक खरी बातमी सांगतात.