भरदुपारचा दिवा

जनावरं दुकानं थाटून बसत, त्या काळची गोष्ट. जंगलाच्या बाजारात एक रीत होती. ज्याला देणं फेडता येणार नाही, त्याने भरदुपारी दारात दिवा लावायचा. सावकारांनी दुकानात असेल ते वाटून न्यायचं आणि देणं तिथेच संपायचं.

खारीने कर्ज काढून दुकानात भरलेल्या साऱ्या शेंगा पुरात कुजल्या. तरी बाजार काय म्हणेल, या लाजेने तिने दिवा लावला नाही. ती रोज वेचून आणी त्या शेंगा घूस सावकारीण व्याजात उचलून नेई आणि पिलं टरफलं चघळत झोपत. एका सकाळी धाकटं पिलू उठलंच नाही.

त्या दुपारी खारीने दिवा लावला.

"काय गं खारे, ऊन कमी पडलं का?" कावळा खिदळला. हत्तीने दिवा लावला होता, तेव्हा हाच कावळा "काळच वाईट आलाय, हत्तीदादा" म्हणून हळहळला होता.

घुशीने तराजूसुद्धा सोडला नाही. पण संध्याकाळी वेचलेल्या शेंगा उरलेल्या दोन पिलांसमोर पडल्या.

"आई, कावळा अजून हसतोय," थोरलं म्हणालं.

"हसू दे. तू खा. हसण्यावर व्याज चढत नाही."