झोप हरवलेले राज्य आणि जेनेबाचे गाणे

एका राज्यात, महानदीच्या तीरी, सात वर्षे कुणाचा डोळा लागला नव्हता. शाप मांत्रिक बाकारीचा होता. कशापायी, ते कुणाला ठाऊक नव्हते. माणसे चालता चालता भेलकांडत, आया लेकरांवर खेकसत, आणि राजा फारान महालात येरझारा घाली.

तेथे जेनेबा नावाची गरीब कोळ्याची मुलगी होती. घरोघरी बाजरी कांडून ती आईचे नि आपले पोट भरी. कांडताना ती गाऊ लागली की ऐकणाऱ्याच्या पापण्या घटकाभर जड होत. कोळी म्हणत, “नदीमाईनेच हिला गळा दिला.”

एके दिवशी धनेश पक्षी तिच्या उखळावर येऊन बसला. म्हणाला, “जेनेबा, आधी नदीतल्या मगरीपुढे गा, मग पैलतीरीच्या गोरखचिंचेच्या झाडापुढे, शेवटी राजापुढे. शाप उतरेल.”

आई म्हणाली, “दरबारात फक्त भाटांच्या कुळाने गावे. तुझी जीभ छाटतील.”

“आई, धनेशाचे बोलणे कळल्यापासून अख्खी वस्ती माझ्याकडे डोळे लावून बसली आहे.”

ती निघाली. कोळी गुडघाभर पाण्यात उभे राहून नदीमाईला आळवू लागले.

जेनेबा गायली, तशी मगरीने तिला पाठीवरून पैलतीरी नेले. तेथे ती पुन्हा गायली. गोरखचिंचेचे खोड दुभंगले आणि आतून आवाज आला, “राजाने बाकारीच्या देवळातला सोन्याचा मुखवटा चोरला. तो परत जाईतो कुणाला झोप नाही.”

हे ऐकून ती मगरीच्या पाठीवरून परत आली. आणि थेट दरबारात गेली.

राजाने विचारले, “कोणत्या कुळाची?”

“कोळ्याची, महाराज. बाजरी कांडते.”

“मग इथे गाण्याचा अधिकार?”

“नाही, महाराज. पण सात वर्षे मीही जागीच आहे.”

आणि तिने मुखवट्याच्या चोरीचे गाणे गायले. सेनापतीने तलवार उपसली. राजाने हात वर केला. मग तो उठला आणि सिंहासनाखालून मुखवटा काढला.

“खरे आहे,” तो म्हणाला. “सात वर्षे मी यावर बसून आहे.”

राजा अनवाणी देवळात गेला. मांत्रिकाने मुखवटा घेतला, आवळलेली मूठ उघडली आणि शाप वाऱ्यावर सोडून दिला.

परत येऊन राजाने जेनेबाला भाटांच्या रांगेत पहिले आसन दिले, शेजारी तिच्या आईला बसवले. “आता गा,” तो म्हणाला.

दुसऱ्या कडव्याला राजाची मान कलली. मग सेनापती, मग भाट, मग नदीकाठची सारी वस्ती झोपी गेली. आईचे डोके खांद्यावर पेलत जेनेबाने गाणे पुरे केले, आणि मगच डोळे मिटले.