कोऱ्या चपला

गिरजाबाईंची चहाची टपरी देवळासमोरच होती, पण देव मानत नसल्याने त्या कधी आत जात नसत. त्या सरपंचपदाला उभ्या राहिल्या आणि प्रतिस्पर्धी हैबतरावांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं.

शनिवारची आरती आटोपताच ते देवळाच्या पायरीवरून गरजले, "जी बाई देवाला मानत नाही, तिच्यावर गावानं भरवसा ठेवायचा तरी कसा?"

गर्दीतल्या माना डोलल्या. मतं हातची चालली, हे गिरजाबाईंनी ओळखलं. त्यांनी गाळणी खाली ठेवली, हैबतरावांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि बाकाखालून त्यांच्या कोऱ्या कोल्हापुरी चपला काढून पुढे ठेवल्या.

"दादा, देवळात तर सगळे देव मानणारेच होते. मग या माझ्याकडे सांभाळायला कशाला देऊन गेलात?"